रविवारची कोंबडी आणि मार्थेचा विसावा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आंबोलीतील एका घरी आम्हांस दुपारच्या जेवणाचे आमंत्रण होते. बाहेर घाटमाथ्यावरचा तो सर्वपरिचित पाऊस कोसळत होता आणि धुके पार दारापर्यंत आले होते. ओटीवर पुरुषमंडळी गप्पा मारीत बसली होती. स्वयंपाकघरातून कोंबडीच्या रश्श्याचा व तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास येत होता. यजमान भाविक गृहस्थ, धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारे. बोलता बोलता आमची दृष्टी कपाटावर ठेवलेल्या एका खोक्याकडे गेली. आखातात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या त्यांच्या कन्येने आईसाठी विजेवर चालणारा स्लो कुकर पाठविला होता. दोन वर्षे लोटली तरी त्याचे वेष्टन उघडले गेले नव्हते. आम्ही कारण विचारले तेव्हा यजमान अभिमानाने म्हणाले, "फादर, आमच्या घरात असला सोपा जेवण चलणा नाय. कोंबडी म्हणजे चुलीवरचीच!"

सर्वजण हसले. आम्हीही हसलो. तेवढ्यात गृहिणी वड्यांची परात घेऊन बाहेर आली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. सकाळच्या मिस्साला तिला पाहिल्याचे आम्हांस आठवेना. विचारल्यावर ती ओशाळून म्हणाली, "फादर, तुमी जेवक येतलास म्हणान आज मिसाक येवक जमला नाय."

वाचकहो, आमच्यासाठी रांधता यावे म्हणून एक ख्रिस्ती स्त्री प्रभूच्या दिवशी प्रभूच्या मेजापासून दूर राहिली. आणि तिला त्या मेजाकडे बोलावणे हे ज्यांचे काम, त्या आम्ही चार वडे खाऊन तिच्या हाताच्या चवीची तारीफ केली. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही. प्रस्तुत लेख हे त्या मौनाचे प्रायश्चित्त समजावे.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येण्यासारखे आहे. रविवारची कोंबडी अशा रीतीने शिजली पाहिजे की ती शिजविणारी व्यक्ती मिस्साला हजर राहू शकेल आणि जेवायला सर्वांबरोबर बसू शकेल. ज्या पद्धतीने हे साधते ती पद्धत चांगली. ज्या पद्धतीने साधत नाही ती कितीही चविष्ट, कितीही परंपरागत असो, रविवारसाठी ती वाईट. 'सोपा स्वयंपाक' हे शब्द आपल्याकडे शिवीसारखे वापरले जातात. सोपे म्हणजे आळशी, सोपे म्हणजे शहरी, सोपे म्हणजे परके, अशी एक समजूत आपल्या घराघरांत ठाण मांडून बसली आहे. त्या समजुतीशी आमचे भांडण आहे.

प्रथम चुलीचा विचार करू. आज आंबोलीच्या रस्त्यावरून पावसाळ्यात धबधबे पाहण्यास येणाऱ्या प्रवाशाला जागोजाग 'चुलीवरचे जेवण' अशा पाट्या दिसतात. शहरातील मनुष्य एक दिवस येतो, चुलीवरची गावठी कोंबडी खातो, तृप्त होऊन निघून जातो. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याचे कौतुक ऐकून आपल्याच घरातील धुराला संस्कृती समजू लागलेल्या आपल्या लोकांविषयी. आंबोलीत वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलीमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात येथे लाकूड कोरडे राहत नाही, आणि ओले लाकूड जळते कमी व धुमसते अधिक. त्या धुराचा वाटा पुरुषांच्या ओटीपर्यंत फारसा पोहोचत नाही. तो बाईच्या छातीत आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो. घरातील चुलींच्या व तत्सम इंधनांच्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅस पोहोचविला तो याच कारणासाठी. असे असता ज्यांच्या घरात गॅस आहे, वीज आहे, त्यांनी केवळ चवीच्या अभिमानापोटी घरच्या स्त्रीला रविवारच्या दिवशी धुरात बसवावे, याला काय म्हणावे?

कुणी म्हणेल, फादर, स्वयंपाक हे बाईचे प्रेम आहे, त्यात आनंद असतो, तुम्ही त्याला ओझे का म्हणता? प्रेम आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रेम एका माणसाने करावे आणि चव बाकीच्या सर्वांनी घ्यावी, ही वाटणी कुणी ठरविली? केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2019 साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात आणि ती कामे करणारे पुरुष 97 मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. शिवाय अशी कामे करणारे पुरुष मुळातच थोडे. या आकड्यांत रविवार वेगळा काढलेला नाही. पण आपल्या घरांत डोकावून पाहिले तर रविवारी बाईची मिनिटे घटतात की वाढतात, हे सांगण्यासाठी सरकारी पाहणीची गरज नाही.

आता धर्माकडे वळू, कारण आमचा मुद्दा अखेर तेथलाच आहे. इस्राएल लोक रानात होते तेव्हा त्यांना मान्ना मिळत असे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात असे सांगितले आहे की सहाव्या दिवशी तो दुप्पट गोळा करावयाचा, भाजावयाचे ते भाजून व शिजवावयाचे ते शिजवून ठेवावयाचे, म्हणजे सातवा दिवस विसाव्याचा राहील. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. परमेश्वराने विसाव्याची आज्ञा दिली ती उपाशी राहण्याची आज्ञा नव्हती. आदल्या दिवशी तयारी करा आणि विसाव्याच्या दिवशी जेवा, अशी ती व्यवस्था होती. 'आधी शिजवून ठेवलेले' हे आपल्या पवित्र शास्त्रात कमीपणाचे लक्षण मानलेले नाही. दहा आज्ञांतही विसावा केवळ घरधन्याला दिलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, एवढेच काय पण गुरेढोरे व दाराशी आलेला परका यांनाही तो दिलेला आहे. गोठ्यातल्या बैलाला जो विसावा शास्त्राने दिला तो घरच्या लक्ष्मीला आम्ही नाकारावा काय?

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 1247 वे कलम भाविकांना रविवारी मिस्सात सहभागी होण्यास सांगते आणि उपासना, त्या दिवसाचा आनंद, मनाची व शरीराची विश्रांती यांच्या आड येणारी कामे टाळण्यास सांगते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2187 व्या परिच्छेदात तर याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे की, ज्यामुळे इतरांना प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या ख्रिस्ती माणसाने त्यांच्याकडे करू नयेत. 'अनावश्यक मागण्या' हे शब्द वाचताना आम्हांस त्या परातीतील वडे आठवतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात स्त्रियांच्या दैनंदिन कष्टांचा उल्लेख केला आहे. समाजाकडून आणि कित्येकदा स्वतःच्या कुटुंबाकडूनही त्या कष्टांची योग्य दखल घेतली जात नाही, हे त्यांनी नमूद केले. 1998 साली त्याच पोप महोदयांनी रविवारच्या पावित्र्यावर एक स्वतंत्र प्रेषितीय पत्र लिहिले. ही कागदपत्रे आम्ही सेमिनरीत व नंतर वाचली, त्यांवर प्रवचने केली, आणि मग घरोघरी जाऊन वडे खाल्ले.

आता त्या खोक्यातील यंत्राची कथा ऐका. आमच्या यजमानांना ते परके वाटले. वास्तविक ते आपल्याच शास्त्राचे दूरचे नातलग आहे. यहुदी धर्मनियमाप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवावयाचा नसतो. म्हणून पूर्व युरोपातील यहुदी कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, कडधान्य व बटाटे यांचे भांडे तयार करून गावच्या बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत. भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर मंदपणे शिजे आणि शनिवारी प्रार्थना आटोपून आलेल्या कुटुंबाला गरम जेवण मिळे. या पदार्थाला चोलेंट म्हणतात. लिथुआनियातून आलेल्या आपल्या आईकडून ही आठवण ऐकलेल्या आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने विजेवर तशीच मंद उष्णता देणारे भांडे तयार केले. त्याला 1940 साली त्याचे पेटंट मिळाले. 1970 साली रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 पासून ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी गेले. म्हणजे ज्या यंत्राला आपण आळशी बाईचे यंत्र म्हणतो, त्याचे मूळ विसाव्याचा दिवस पाळणाऱ्या घरांत आहे.

आपल्या कोकणाला तर ही गोष्ट नवखी वाटण्याचे कारणच नाही. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल, मराठी बोलणारे आपले यहुदी बांधव, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एका गरीब, मूठभर समाजाने आपला विसाव्याचा दिवस इतक्या निष्ठेने पाळला की तोच त्याची ओळख बनला. आमच्या ख्रिस्ती घरांना रविवारवरून कुणी असे नाव देईल काय? दिलेच तर 'रविवार कोंबडीवाले' असे देईल, आणि ते नाव आपण मुकाट्याने स्वीकारावे हे बरे.

केवळ टीका करून उपयोग नाही. मार्गही सांगितला पाहिजे. अमेरिकेतील घरांत कोंबडी व पावाचे सारण एकाच भांड्यात मंद शिजविण्याची एक रीत रूढ आहे. ती आपल्या आंबोलीच्या स्वयंपाकघरात कशी बसवावी, हे आम्ही काही अनुभवी गृहिणींना विचारून आणि पाद्रीवाड्यातील आमच्या स्वयंपाक्याच्या साहाय्याने तीन रविवार करून पाहिले. नाताळात भरलेली कोंबडी करण्याची चाल गोव्यातील व आपल्याकडील ख्रिस्ती घरांत आहेच; तिची ही साधी, रविवारची धाकटी बहीण समजावी.

सहा माणसांसाठी एक ते सव्वा किलो कोंबडीचे तुकडे घ्यावेत. शनिवारी संध्याकाळी ते स्वच्छ करून मीठ, मिरपूड, आले-लसूण व चमचाभर व्हिनेगर लावून शीतकपाटात ठेवावेत. आदल्या दिवशीचे सात-आठ पाव घेऊन त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि तव्यावर मंद आचेवर कोरडे कुरकुरीत करून घ्यावेत. आमच्या पावसाळी हवेत ते उघड्यावर वाळत नाहीत, उलट ओलावतात, म्हणून तवाच बरा. दोन मोठे कांदे बारीक चिरून थोड्या लोण्यावर परतावेत. त्यातच कोंबडीची कलेजी बारीक करून पूर्ण शिजवून घ्यावी आणि असल्यास गोव्याच्या सॉसेजचे दोन-तीन मणी सोलून परतावेत. वर कोथिंबिरीचे देठ, मिरपूड व आपल्या कोकणातल्या जायफळाची चिमूट. हे गार करून शीतकपाटात ठेवावे, पावाचे तुकडे मात्र डब्यात निराळे ठेवावेत. एवढे झाले की शनिवारचे काम संपले.

रविवारी सकाळी मिस्साला निघण्यापूर्वी कुकरच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या व बटाट्याच्या फोडी पसराव्यात, वर कोंबडी रचावी, अर्धी वाटी गरम पाणी घालावे, झाकण लावावे आणि कळ मंद आचेवर ठेवावी. यापुढे कुणी काही करावयाचे नाही. झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी आतली वाफ जाते आणि वेळ लांबते. मंद आचेवर पाच ते सहा तास लागतात. जोराच्या आचेवर तीन ते चार. जेवणापूर्वी तासभर भांड्यातला वाटीभर रस काढून, त्याला उकळी आणून, त्यात परतलेला कांदा व पावाचे तुकडे कालवावेत आणि हे सारण कोंबडीवर थराने पसरून आच वाढवावी. सारण खालून रस पिते आणि वरून मऊसर राहते. कुरकुरीत हवे असेल त्याने चमचाभर लोण्यावर तव्यात उलटावे.

दोन-चार सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. बर्फात गोठलेली कोंबडी थेट या भांड्यात घालू नये. ती आधी पूर्ण सुटलेली असावी, अन्यथा मांस फार वेळ कोमट राहते आणि कोमट मांसात रोगजंतू वाढतात. अख्ख्या कच्च्या कोंबडीच्या पोटात सारण भरून ती या भांड्यात ठेवू नये. आतपर्यंत उष्णता पोहोचण्यास फार वेळ लागतो. कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापली पाहिजे. तापमापक नसेल तर हाडाजवळचे मांस सहज सुटते व रस पारदर्शक निघतो का, हे तरी पाहावे. राजमा कधीही कच्चा या भांड्यात घालू नये, तो आधी भिजवून, ताज्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळलेला असावा. उरलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात जावे.

"आंबोलीत पावसाळ्यात वीज जाते, मग तुमचा कुकर काय करणार?" हा प्रश्न आम्हांस एका वृद्ध भगिनीने विचारला आणि तो रास्त आहे. आपण घरी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली हे कळले नाही, तर ते अन्न खाऊ नये हेच उत्तम. परंतु विजेविनाही उपाय आहे. गॅसवर कोंबडी नेहमीप्रमाणे झाकून पूर्ण शिजवावी, खळखळती उकळी असतानाच घट्ट झाकणाचे भांडे उचलून भाताच्या कोरड्या पेंढ्याने चोहोबाजूंनी ठासून भरलेल्या लाकडी पेटीत ठेवावे आणि वर जुनी गोधडी दाबून बसवावी. दोन-तीन तासांनी मिस्साहून परतल्यावर पुन्हा एक उकळी आणली की जेवण तयार. चुलीच्या वैलावर भांडे सरकवून निवांत राहणाऱ्या आपल्या आज्यांना हे तत्त्व ठाऊक होते. शिजविणे म्हणजे शेजारी उभे राहणे नव्हे, हे त्यांनी कुठल्याही यंत्राविना ओळखले होते. चुलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्याकडून हा धडा मात्र घेतला नाही.

चवीचा आक्षेप उरतो. ब्रॉयलर कोंबडी मोठ्या आचेवर लवकर शिजते आणि लवकर चोथाही होते. गावठी कोंबडी मात्र हिंडती-फिरती, तिचे स्नायू घट्ट. त्यांतील चिवट धागे मंद उष्णतेत हळूहळू विरघळतात व रस दाट होतो; म्हणून गावठी कोंबडीला हीच रीत अधिक मानवते, फक्त एक-दोन तास अधिक द्यावेत. त्यातही आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर. येथे पाणी मालवणापेक्षा सुमारे दोन अंश आधीच उकळते. म्हणून येथे शिजण्यास थोडा जास्त वेळ लागणारच. घाई करणाऱ्याने घाट उतरावा. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची सर या सारणाला येणार नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. ज्यांना वाटपच हवे त्यांनी ते शनिवारी भाजून-वाटून ठेवावे आणि शेवटच्या अर्ध्या तासात घालावे. वडे मात्र आदल्या दिवशी तळून चालत नाहीत. मग रविवारी वडे नकोत. भाकरी किंवा पाव असू द्या. वडे सोमवारच्या सुटीला, लग्नाला, जावयाच्या पाहुणचाराला आहेतच, आणि तेव्हाही जावयाने लाटायला बसावे.

येथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सोपे म्हणजे विकतचे, असा ज्यांचा समज आहे त्यांच्याशीही आमचे पटत नाही. 1972 साली अमेरिकेत जनरल फूड्स कंपनीने तयार सारणाचे पाकीट बाजारात आणले. रूथ सीम्स नावाच्या गृहविज्ञान-तज्ज्ञ बाईंचा त्या शोधात प्रमुख वाटा होता. उकळत्या पाण्यात घातले की पाच मिनिटांत सारण तयार. कामावरून थकून येणाऱ्या बाईला त्याचा आधार वाटला असेल, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु आपल्याकडे शिळा पाव आहे, कांदा आहे, घरात चार हात रिकामे आहेत. मग पाकीट कशाला? पाकीट काम संपविते, पण ते कुणाला वाटून देत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की घरात नवी यंत्रे आली तेव्हा पुरुषांची व मुलांची कामे नाहीशी झाली, आईची मात्र उरली. लाकडे फोडणारा मोकळा झाला, रांधणारी मोकळी झाली नाही. ही गोष्ट आमच्या यजमानांनी विसरू नये व स्लो कुकर विकणाऱ्यांनीही विसरू नये. खोके उघडल्याने विसावा मिळत नाही. शनिवारी पाव मुलांनी कापला, कांदा बापाने चिरला, रविवारी भांडी मुलग्यांनी घासली, तर मिळतो.

आता आमच्या स्वतःच्या अंगणात येऊ. धर्मग्रामाच्या सणाला शेकडो माणसांचे जेवण होते. वेदीवर मिस्सा चालू असते, आम्ही सेवेवर सुंदर प्रवचन करीत असतो, आणि मंदिराच्या मागच्या बाजूला दहा-पंधरा भगिनी मोठ्या टोपांशी झगडत असतात. प्रवचन ध्वनिक्षेपकावरून त्यांना ऐकू जाते, एवढेच त्यांचे पुण्य. मागे एका धर्मग्रामात असताना एका भगिनीने आम्हांस सांगितले होते की सणाचे मिस्सा तिने अकरा वर्षे पाहिलेले नाही. आम्ही तेव्हा तिला आविलाच्या संत तेरेसांचे नाव सांगून समजाविले, की प्रभू स्वयंपाकघरातील भांड्यांमध्येही वावरतो. संत तेरेसांनी ते आपल्या मठभगिनींना सांगितले होते, ज्या मठात सर्वांनाच प्रार्थनेची वेळ होती. आम्ही ते एका बाईला गप्प बसविण्यासाठी वापरले. संतांच्या शब्दांचा असा उपयोग करणे हे पाप आहे असे आम्हांस आता वाटते.

मार्था व मरिया यांचा प्रसंगही आम्ही असाच वापरतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्थेला प्रभूने तिच्या धावपळीबद्दल सौम्यपणे टोकले, हे आम्ही मोठ्या आवाजात वाचतो. पण मार्थेची तक्रार काय होती? मला एकटीला टाकले आहे, ही. आपण प्रवचनकार बहुधा मरियेची बाजू घेतो, आणि प्रवचन संपताच मार्थेच्या हातचे जेवायला जातो. मार्थेला बसविण्याची जबाबदारी कुणाचीच नाही काय? संत योहानच्या शुभवर्तमानात याच मार्थेने येशू हा ख्रिस्त आहे अशी कबुली दिली आहे, पेत्राच्या तोडीची. जिच्या तोंडी असे शब्द आले तिला आपण कायमची चुलीपाशी बसविली.

आणि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी काय आहे? पुनरुत्थित प्रभू तिबिर्या सरोवराच्या काठी उभा आहे. रात्रभर राबून थकलेले शिष्य किनाऱ्यावर येतात तेव्हा त्यांना निखारे पेटलेले दिसतात, त्यांवर मासळी आणि भाकर. न्याहारी प्रभूने स्वतः तयार केलेली असते, आणि तोच त्यांना या, जेवा म्हणून बोलावतो. मृत्यूवर विजय मिळविलेल्या हातांना विस्तव फुंकण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या घरांतील पुरुषांना, आणि पाद्रीवाड्यातील आम्हांला, तो का वाटावा?

आम्ही यापुढे एक नियम पाळण्याचे ठरविले आहे. रविवारी ज्या घरी जेवणाचे आमंत्रण येईल तेथे आमची एक अट राहील: घरची गृहिणी त्या दिवशीच्या मिस्साला आलेली असावी आणि ती आमच्याबरोबर त्याच पंगतीला बसावी. हे जमत नसेल तर आम्हांस बोलावू नये. आम्ही पाद्रीवाड्यात पेज पिऊन आनंदाने राहू. सणाच्या जेवणासाठीही आम्ही धर्मग्राम समितीपुढे प्रस्ताव ठेवणार आहोत की आदल्या दिवशी होण्यासारखी सर्व कामे आदल्या दिवशी व्हावीत, आणि मिस्साच्या वेळी मोठे टोप झाकून सर्वांनी मंदिरात यावे. राहिलेल्या कामाला तरुणांची व पुरुषांची पाळी लागावी. पहिली पाळी आमची.

लेख लिहून होत असता त्या यजमानांचा निरोप आला. आम्ही लिहीत आहोत हे त्यांच्या कानावर गेले होते. खोके उघडले आहे, पण पाव कापायचे सुरीने की हाताने तोडायचे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. आम्ही कळविले, कसेही, फक्त तुम्ही स्वतः.